रुग्ण पडला तर फॉर्म भरतो, सिस्टरला ढकललं तर?

पत्राचा सारांश

पत्रलेखिका एका मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात नऊ वर्षं स्टाफ नर्स आहेत. त्यांच्या विनंतीवरून ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. तीन आठवड्यांपूर्वी त्यांची नाइट होती. अठ्ठावीस पेशंट आणि दोन सिस्टर. एका वृद्ध पेशंटला दुखत होतं. आधीचं इंजेक्शन देऊन दोन तास झाले होते आणि पुढचं चार तासांनी द्यायचं होतं. हे सांगताच पेशंटच्या मुलाने आरडाओरडा केला, मनगट धरलं आणि ढकललं. पत्रलेखिकेची पाठ औषधांच्या ट्रॉलीवर आदळली. सकाळी इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "नातेवाईक टेन्शनमध्ये असतात, आपल्या कामाचा भागच आहे तो. लिहून काय होणार?" घटनेच्या नोंदीचा फॉर्म भरला गेला नाही. सहा महिन्यांपूर्वी भान हरपलेल्या एका पेशंटने हाताला चावा घेतला होता, त्याचीही नोंद नाही.

ढकललं त्या रात्रीपासून त्या वृद्ध पेशंटच्या क्युबिकलजवळ, म्हणजे वॉर्डातल्या त्या कप्प्याजवळ, गेलं की छातीत धडधडतं, झोप तुटते, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येतो. चार दिवस रजा घेऊनही फरक पडला नाही. गेल्या आठवड्यात त्याच क्युबिकलमधल्या दुसऱ्या एका पेशंटचा रात्री दोनचा बीपी घेण्याची चालढकल झाली. तो घेतला पावणेचारला आणि आला ८४/५०. डॉक्टरांना लगेच बोलावलं, पेशंट सावरला. चार्टवर वेळ मात्र दोनचीच टाकली. त्या विचारतात, "माझी कातडी पातळ झाली आहे, की मी दगड झाले आहे? राजीनामा देऊ का? आणि ते आजोबा परवा पुन्हा दाखल झाले आहेत. मुलगा रोज येतो. त्यांच्या कॉटजवळ मी जायचं कसं?"

उत्तर

सिस्टर,

तुमच्या वॉर्डात उद्या एखादे आजोबा कॉटवरून पडले तर काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर येतील, डोकं तपासलं जाईल, नाडी-बीपी घेतला जाईल. त्याच ड्युटीत इन्सिडेंट फॉर्म भरला जाईल. कॉटचे कठडे वर होतील, आणि पुढचे आठ दिवस ड्युटी बदलताना प्रत्येक ओव्हरमध्ये "हे पडलेले आहेत, लक्ष ठेवा" असं सांगितलं जाईल. म्हातारी माणसं पडतातच, लिहून काय होणार, असं कोणी म्हणणार नाही. तुम्ही ट्रॉलीवर आदळलात तेव्हा यातलं काहीच झालं नाही. पाठसुद्धा कोणी तपासल्याचं तुमच्या पत्रात नाही. माझं पुढचं सगळं म्हणणं एवढ्याच फरकातून निघतं. मारहाणीकडे मानापमान म्हणून पाहू नका. पेशंटच्या पडण्यासारखी ती वॉर्डातली घटना आहे, तिच्यावर तशीच कारवाई व्हायला हवी.

"कामाचा भागच आहे" हे वाक्य तुम्ही दोनदा लिहिलं आहे. एकदा इन्चार्ज सिस्टरांच्या तोंडी, एकदा स्वतःच्या. क्ष-किरण विभागात काम करणाऱ्याच्या कामातही किरणं हा भाग असतोच. म्हणून तर त्याला शिशाचा ॲप्रन आणि किरणांचा डोस मोजणारा बिल्ला मिळतो. एखादा धोका कामाचा भाग आहे असं संस्थेला मान्य असेल तर त्यापासून बचावाची सोय करणं ही तिचीच जबाबदारी ठरते. इन्चार्ज सिस्टरांचं वाक्य शेवटपर्यंत नेलं तर ते तुमच्याच बाजूने उभं राहतं.

आणि हे फक्त तुमच्याच वाट्याला आलेलं नाही. २०१४ मध्ये १३६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जगभरातल्या दीड लाखाहून अधिक नर्सेसची माहिती होती. साधारण तिघींपैकी एकीला शारीरिक मारहाण आणि तिघींपैकी दोघींना शिवीगाळ-धमक्या, असं त्याचं चित्र आहे. "एकदाच तर झालं" हाही बचाव टिकत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या कराराने (क्रमांक १९०) कामाच्या ठिकाणच्या हिंसेची व्याख्या करताना एकदा घडलेली घटनाही धरली आहे. बाहेरच्या माणसांकडून, म्हणजे पेशंट आणि नातेवाईकांकडून होणारी हिंसाही त्यात विचारात घ्यायची आहे.

आता तुमचे दोन प्रसंग वेगळे करू या, कारण तुम्ही ते एकाच गाठोड्यात बांधले आहेत.

चावा घेणाऱ्या पेशंटला भान नव्हतं. तिथे हिंसा हे लक्षण होतं, तापासारखं. अशा वेळी "हा असा का वागतोय?" हा प्रश्न रागाचा न राहता तपासणीचा होतो. ऑक्सिजन किती आहे, साखर किती आहे, लघवी तुंबली आहे का, कॅथेटर अडला आहे का, दुखतंय का, जंतुसंसर्ग आहे का, नवं औषध सुरू झालंय का, रोज दारू घेणारा माणूस दाखल होऊन, म्हणजे दारू अचानक बंद होऊन, दोन-तीन दिवस झालेत का, चष्मा नि कानाचं यंत्र घरीच राहिलंय का. काल शांत असलेला म्हातारा माणूस आज मारायला धावतो, तेव्हा बहुतेकदा यातलंच काहीतरी सापडतं. म्हणून नोंद हवीच, ती पेशंटच्याही फायद्याची असते. त्याच्यावर ठपका ठेवायचा नसतो, पण पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला माहिती मिळायलाच हवी.

चाव्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण "हात धुतला आणि कामाला लागले" असं लिहून तुम्ही पुढे गेलात. माणसाचा चावा, त्यातही बोटांच्या सांध्यांवरचा, लवकर चिघळतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने काही मिनिटं धुवायचा, आणि डॉक्टरांना त्याच वेळी दाखवायचा. धनुर्वाताची लस आणि अँटिबायोटिक लागेल का हे ते ठरवतात. अशा जखमा सहसा शिवून बंद करत नाहीत. कातडी फाटली असेल तर हेपटायटिस बीचा विचार आधी, एचआयव्हीचा नंतर. चाव्यातून एचआयव्हीचा धोका अगदी कमी असतो, तोही मुख्यतः पेशंटच्या तोंडात रक्त असेल तर. पण प्रतिबंधक औषधं द्यायची ठरली तर ती जितकी लवकर तितकी बरी, आणि ७२ तासांनंतर उपयोगाची नाहीत. तुमची ती वेळ गेली. आजही एक गोष्ट करता येईल. हेपटायटिस बीचं अँटी-एचबीएस (त्या आजाराविरुद्ध शरीरात किती संरक्षण आहे ते रक्तातून दाखवणारा आकडा) तपासून घ्या. ते १० युनिटांच्या खाली असेल तर लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. त्याच वेळी बाकीच्या रक्ततपासण्यांचंही विचारा.

मुलाचं प्रकरण निराळं आहे. तो शुद्धीत होता. त्याचा राग कुठून आला हे समजून घेणं एक, आणि त्याने हात लावला ते चालवून घेणं दुसरं. वडील कण्हत होते आणि रात्रीच्या वॉर्डात त्याच्यासमोर एकच माणूस होतं, तुम्ही. औषधाचं अंतर डॉक्टरांनी ठरवलेलं, सिस्टरांची संख्या प्रशासनाने ठरवलेली, आणि धक्का तुम्हाला. हे त्याच्याही लक्षात आलं नाही, आणि मला वाटतं तुमच्याही. "नातेवाईक टेन्शनमध्ये असतात" हे खरंच आहे, पण टेन्शनमध्ये असलेले बहुसंख्य नातेवाईक कोणाचं मनगट धरत नाहीत.

आता "लिहून काय होणार" याबद्दल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना विचारलं, गेल्या वर्षात तुमच्यावर हिंसेचा प्रसंग आला का? ज्यांनी हो म्हटलं, त्यांच्यापैकी ८८ टक्के लोकांची अधिकृत नोंदच नव्हती. नोंद नसली की कागदावर तो वॉर्ड शांत असतो. आणि शांत वॉर्डाला रात्री तिसरी सिस्टर कोण देणार? एका फॉर्मने काही हलत नाही, हे इन्चार्ज सिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे. पण "सहा महिन्यांत अकरा घटना, त्यातल्या आठ रात्री दहा ते दोनच्या दरम्यान, सहा वेळा कारण वेदनेचं औषध" असा कागद टेबलावर आला की त्यावर बोलावं लागतं. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या वॉर्डाचे खरे आकडे आज कोणाकडेच नाहीत, अडचण तीच आहे.

तुमचा फॉर्म अजून भरता येतो. आजची तारीख घाला, घटनेची तारीख-वेळ वेगळी लिहा आणि "उशिराची नोंद" असं स्पष्ट लिहून उशिराचं कारण एका ओळीत द्या. मजकुरात विशेषणं नकोत. "नातेवाईक अत्यंत उर्मट व आक्रमक होते" हे कोणीही खोडून काढू शकतं. त्याऐवजी असं लिहा: "रात्री ११.४० वाजता बेड क्रमांक अमुकच्या मुलाने वेदनाशामक इंजेक्शनची मागणी केली. आधीचा डोस ९.४० ला दिला होता, पुढचा ३.४० ला होता, हे मी सांगितले. त्यांनी माझे उजवे मनगट धरले आणि दोन्ही हातांनी मागे ढकलले. माझी पाठ ट्रॉलीवर आदळली. त्या वेळी वॉर्डात २८ पेशंट व २ नर्स होत्या. सुरक्षारक्षक उपस्थित नव्हते. सहकारी नर्सनी आवाज ऐकला." वेळा तुमच्या खऱ्या घाला. बोललेले शब्द आठवत असतील तर अवतरणात जसेच्या तसे घाला, शिवीसकट. सभ्यपणासाठी शिवी गाळली की घटना पातळ होते. पेशंट आणि नर्सची संख्या न विसरता लिहा. फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकाना नसला तरी समासात लिहा. वळ उठला असता तर त्याच दिवशी फोटो काढायचा होता. पाठ अजून दुखत असेल तर आता तपासून घेऊन तो कागद जोडा. एक प्रत स्वतःकडे ठेवा, पण तिच्यावर पेशंटचं नाव नको. पोलिसांत जायचं की नाही हा निर्णय तुमचा. मात्र तक्रारीचा भार एकट्या नर्सवर न टाकता ती संस्थेने करावी, असं लेखी विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आता त्या चार्टबद्दल. तुमच्या पत्रातला सगळ्यांत जड भाग तो आहे, आणि तुम्ही तो दोन ओळींत उरकला आहे.

तुम्ही दोनची वेळ टाकलीत ती स्वतःला वाचवायला. पण कागद आता काय सांगतो ते पाहा. दोन वाजता बीपी ८४/५० आणि डॉक्टरांना बोलावलं पावणेचारनंतर. म्हणजे कमी बीपी दिसत असून सिस्टर जवळजवळ दोन तास गप्प बसली. जे घडलं त्यापेक्षा जे लिहिलं ते तुमच्यासाठी वाईट आहे. पेशंटसाठीही. दोन वाजता बीपी खरंच किती होता हे कोणालाच माहीत नाही, पण डॉक्टर औषधं ठरवताना तो आकडा खरा धरून चालतील. त्यामुळे ही दुरुस्ती या आठवड्यातच करा. खाडाखोड नको, पांढरी शाई नको. नव्या ओळीत आजची तारीख-वेळ घालून लिहा: "अमुक तारखेची २.०० ची नोंद प्रत्यक्षात ३.४५ ला घेतलेली आहे. २.०० ला बीपी घेतला गेला नाही." मग सही. आधी इन्चार्ज सिस्टरांना आणि त्या पेशंटच्या डॉक्टरांना तोंडी सांगा, म्हणजे त्यांना ते चार्टमध्ये अचानक सापडणार नाही. विचारणा होईल. शिक्षाच होणार नाही असं मी म्हणू शकत नाही. पण स्वतःहून केलेली दुरुस्ती आणि चौकशीत सापडलेली खोटी वेळ यांत फार मोठं अंतर असतं. उशिराचं कारण विचारलं तर ते खरं सांगा. तीन आठवड्यांपूर्वीची घटना तिथे आपोआप येते, आणि तिचा फॉर्म आधी भरलेला असला तर ती सबब वाटत नाही. म्हणून फॉर्म आधी, दुरुस्ती लगेच त्यामागून, शक्यतो एकाच दिवशी.

ही चूक तुमच्या हातून झाली, ती तुमचीच. तरीही ती कुठून आली हे सांगायला हवं, कारण हे वाचणाऱ्या कितीतरी जणींनी असा बीपी टाळलेला असेल. इस्रायलमध्ये नवजात अतिदक्षता विभागाच्या पथकांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. बनावट प्रसंगात बाळाच्या आईची भूमिका करणारी नटी उद्धटपणे बोलली. धक्का नाही, शिवी नाही, नुसतं तुच्छतेचं बोलणं. त्या पथकांचं निदान चुकू लागलं, उपचारांत ढिलाई आली, आपापसांत माहिती देणं कमी झालं, आणि परिणाम दिवसभर टिकला. अपमान झालेलं डोकं पुढच्या हल्ल्याची चाहूल घेण्यात गुंतलेलं असतं. औषधाचा हिशोब, सलाईनचे थेंब, शेजारच्या कॉटवरचा बदललेला श्वास यांच्यासाठी त्यात जागा उरत नाही. तुमच्या बाबतीत त्यावर टाळणंही आलं. त्या क्युबिकलमध्ये न गेल्याने दर वेळी थोडं हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाने मेंदूला शिकवलं की तिकडे जाणं खरंच धोक्याचं आहे. याची किंमत ज्या पेशंटने मोजली त्याचा त्या भांडणाशी काही संबंधही नव्हता.

"मी दगड झाले का?" दगडाची छाती धडधडत नाही, सिस्टर. बर्नआउट हा शब्द तुम्ही वापरला आहे म्हणून त्याचा नेमका अर्थ पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात, बर्नआउटची नोंद कामाशी निगडित अवस्था अशी आहे, आजार म्हणून नाही. तिची अंगं तीन: गळून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. ती महिनोन्‌महिने साठत जाते आणि सगळ्या वॉर्डाबद्दल असते. तुमचा त्रास एका रात्रीपासून सुरू झाला, एका क्युबिकलला चिकटला आहे, त्यात दचकणं आहे, डोळ्यांसमोर येणारी दृश्यं आहेत, आणि चार दिवसांच्या रजेने तो जागचा हलला नाही. हे बर्नआउटपेक्षा आघातानंतरच्या प्रतिक्रियेसारखं जास्त दिसतं. पत्रावरून निदान होत नाही, पण हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींचा उपाय वेगळा. बर्नआउटला कामाचा भार कमी व्हावा लागतो. आघाताला विश्रांती पुरत नाही, त्यावर उपचार लागतात.

अशी लक्षणं पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांची आपोआप ओसरतात. महिना उलटूनही राहिली तर आघातोत्तर तणावविकार म्हणजे पीटीएसडीसाठी तपासणी हवी. तुम्हाला तीन आठवडे झाले आहेत आणि कामावर परिणाम दिसू लागला आहे, म्हणून वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाची किंवा मानसशास्त्रज्ञाची वेळ घ्या. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर बोलून केलेला उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत त्या आठवणीवर केलेला उपचार) या दोन पद्धतींचा चांगला उपयोग होतो, त्यांचं प्रशिक्षण आहे का एवढं विचारा. सगळ्यांना एका खोलीत बसवून "बोलून मोकळं व्हा" अशी एकच सक्तीची बैठक घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तिने पीटीएसडी टळत नाही. तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा. झोपेसाठी ट्रॉलीतली गोळी घेऊ नका, आणि दारूही नको. जीव नकोसा वाटण्यापर्यंत विचार गेले तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. आपल्या हाताशी औषधं असतात, म्हणून इथे उशीर परवडत नाही.

पुढच्या नाइटसाठी काही कामाच्या गोष्टी. आधी शब्द. "पुढचा डोस चार तासांनी आहे" हे खरं होतं, पण दुखणाऱ्या माणसाच्या मुलाला त्यात बंद दार ऐकू येतं. त्याऐवजी: "वडिलांना दुखतंय हे मला दिसतंय. मधे काही देता येईल का हे डॉक्टरांना आत्ता फोन करून विचारते आणि दहा मिनिटांत तुम्हाला येऊन सांगते." मग दहाव्या मिनिटाला खरंच जायचं, उत्तर आलं नसलं तरी, आणि "अजून फोन लागला नाही" एवढंच सांगायचं. वाट पाहण्यापेक्षा वाट पाहताना काहीच न कळणं माणसाला जास्त भडकवतं. तुम्ही असं बोलला असतात तर धक्का बसला नसता, असं मी म्हणत नाही. धक्क्याची जबाबदारी धक्का देणाऱ्याचीच.

चाहूल ओळखायला दोन साधनं आहेत. नॉर्वेत तयार झालेली ब्रोसेट यादी मुळात मनोरुग्ण विभागासाठी आहे, पण इतरत्रही वापरली जाते. गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा-दंगा करणं, अंगावर येण्याचा आविर्भाव, तोंडी धमकी, वस्तूंवर राग काढणं, अशा सहा गोष्टी. प्रत्येकीला एक गुण. शून्य म्हणजे पुढच्या २४ तासांत धोका कमी. एक-दोन म्हणजे आधीच काळजी घ्या. तीन किंवा जास्त म्हणजे एकटं जायचं नाही, डॉक्टर आणि सुरक्षारक्षकांना कळवून ठेवायचं. ओव्हर देताना पडण्याच्या धोक्यासोबत हा आकडा सांगायला अर्धं मिनिट लागतं. दुसरं साधन ऑस्ट्रेलियातल्या अपघात विभागांतल्या निरीक्षणांवरून आलं आहे आणि ते नातेवाईकांनाही लागू पडतं: रोखून पाहणं, बदललेला सूर, अस्वस्थता, पुटपुटणं, येरझाऱ्या. यातलं दोन-तीन एकत्र दिसलं की बोलणं वॉर्डाच्या उजेडात, सहकारी समोर असताना करा, खोलीच्या कोपऱ्यात नाही.

उभं राहताना दोन हात अंतर, थोडं तिरकं, आणि दार तुमच्या बाजूला. ट्रॉली पाठीशी नको. तुमच्या बाबतीत इजा झाली ती तिच्यामुळेच. गळ्यात स्टेथोस्कोप नको, ओळखपत्राची दोरी ओढल्यावर सुटणारी हवी, वरच्या खिशात कात्री नको. मनगट धरलं तर मागे ओढू नका, पकड अंगठ्याच्या बाजूला कच्ची असते, हात तिकडे वळवून सोडवा. केस धरले तर दोन्ही हातांनी त्याचा हात आपल्याच डोक्यावर घट्ट दाबून ठेवा, म्हणजे ओढ बसत नाही, आणि मदतीसाठी ओरडा. हे वाचून येत नाही, सराव लागतो. रुग्णालयाकडून तसं प्रशिक्षण मागून घ्या. दोघींमध्ये एक ठरलेलं वाक्य असू द्या, "सतराची फाईल आणतेस का?" असं काहीही. ते ऐकलं की दुसरीने हातातलं सोडून यायचं आणि सुरक्षारक्षकांना फोन करायचा.

इन्चार्ज सिस्टर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. मार खाऊन आलेल्या मुलीला "तू काय बोललीस त्याला?" हा पहिला प्रश्न विचारू नका. आधी तिचे पेशंट दुसरीकडे द्या, तिला तपासायला पाठवा, फॉर्म स्वतः पुढ्यात ठेवा, घरी एकटीला सोडू नका. तिसऱ्या दिवशी आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा विचारा. तुमचेही हात वरून बांधलेले असतात, हे कळतं. पण अठ्ठावीस पेशंटना दोन नर्स हे लेखी मांडायला आधार आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनियाच्या रुग्णालयांवरच्या अभ्यासात एका नर्सकडे प्रत्येक वाढीव पेशंटमागे शस्त्रक्रियेच्या रुग्णांत ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्सच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पेशंटच्या जिवाचा आकडा आणि नर्सच्या थकव्याचा आकडा एकाच अभ्यासात आले आहेत. प्रशासनाशी बोलताना दोन्ही एकत्रच मांडा.

राजीनामा? आत्ता नको. नोकरी कधीच सोडू नये असं माझं म्हणणं नाही, पण तीन आठवड्यांच्या तुटक झोपेत घेतलेला निर्णय कोण घेतंय हे कळत नाही, तुम्ही की ती रात्र. तीन महिन्यांची मुदत घाला आणि लेखी चार गोष्टी मागा: या घटनेची चौकशी, निदान आठ आठवडे नाइटमधून सूट किंवा वेगळा वॉर्ड, उपचारासाठी वेळ, आणि रात्रीच्या ड्युटीत सुरक्षारक्षकाची ठरलेली फेरी. चारातल्या दोन मिळाल्या आणि झोप परत आली तर थांबून पाहण्यासारखं आहे. पत्राला उत्तरच आलं नाही, किंवा फॉर्म भरल्याबद्दल तुम्हालाच त्रास सुरू झाला, तर दुसरीकडे अर्ज करा आणि मनात अपराध ठेवू नका. नऊ वर्षांचा अनुभव सोबत येतो, तो वॉर्डात ठेवून जावा लागत नाही.

राहिले आजोबा. त्यांनी तुम्हाला काहीच केलेलं नाही, आणि त्या रात्री काय झालं हे त्यांना कदाचित माहीतही नसेल. पहिले काही दिवस त्यांची जबाबदारी दुसऱ्या सिस्टरकडे द्यायला सांगा. यात काही कमीपणा नाही. पण तेवढ्यावर थांबू नका, नाहीतर उद्या क्युबिकलऐवजी सगळा वॉर्ड टाळावासा वाटेल. मुलगा नसेल अशा वेळी, दिवसा, सहकाऱ्याबरोबर आत जा. फक्त नाडी मोजा, एक मिनिट पूर्ण, आणि बाहेर या. दुसऱ्या दिवशी औषध द्या. धडधड होईल. ती ओसरेपर्यंत तिथेच थांबलात तर पुढच्या वेळी थोडी कमी होईल. मात्र त्यासाठी पेशंटचं काम अडता कामा नये, म्हणून सोबत कोणीतरी हवंच. अजिबात जमलं नाही तर जबरदस्ती करू नका, ते उपचार करणाऱ्यांना सांगा. मुलाशी बोलायचं काम डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टर यांनी करायचं, तेही दोघांनी मिळून: कर्मचाऱ्यांना हात लावलेला चालणार नाही, तसं पुन्हा झालं तर वॉर्डातला प्रवेश बंद होईल, आणि वडिलांच्या वेदनेसाठी आज अमुक केलं आहे. तिन्ही गोष्टी एकाच दमात, तिसरी गाळून नाही. तो समोर आलाच आणि माफी मागू लागला, तर लगेच "असू दे" म्हणायला तुम्ही बांधील नाही. "मी ऐकलं" एवढं म्हणा आणि आजोबांचा बीपी घ्यायला वळा. घड्याळ पाहून जी वेळ असेल ती लिहा.